साडेबाराशे रुपये

"फॅमिली की बॅचलर?"

पिंपरीजवळच्या कासारवाडीतल्या एजंटने हे विचारलं तेव्हा मी ४२ वर्षांचा होतो. लग्न कायद्याने शाबूत होतं, मुलगी तिसरीत होती आणि माझा संसार चुलतभावाच्या दिघीतल्या हॉलमध्ये दोन बॅगांत पडला होता. "फॅमिली आहे, पण इथे राहणार नाही," म्हणालो. त्याने वहीत 'बॅचलर' लिहिलं. बॅचलरला डिपॉझिट जास्त, ४०,००० रुपये. भाडं ८,५००, अकरा महिन्यांचा करार, वन आरके, खिडकी रेल्वेच्या रुळांकडे. पोलिस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर जुना पत्ता लिहायचा होता. तिथे मी माझ्याच फ्लॅटचा पत्ता लिहिला, मोशीचा. त्याचा हप्ता अजून माझ्याच पगारातून जातो.

फ्लॅट आम्ही २०१९ मध्ये घेतला. २६ लाखांचं कर्ज, २० वर्षं, हप्ता २३,४००. ॲग्रीमेंटवर आणि कर्जावर माझं आणि बायकोचं, दोघांची नावं. एप्रिल २०२३ मध्ये वेगळे झालो तेव्हा बाहेर मी पडलो. मुलीची शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर, खाली तिच्या मैत्रिणी. तिला हलवायचा प्रश्नच नव्हता. यात मोठेपणा काही नाही. दोघांपैकी कोणाला तरी बाहेर पडणं भाग होतं, आणि भोसरीतली माझी कंपनी कुठूनही जवळच.

आता माझी चूक सांगतो. ही पोस्ट त्यासाठीच लिहायला घेतली.

जूनमध्ये बायकोच्या वकिलांनी कोर्टात अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंत द्यायच्या खर्चाचा, अर्ज टाकला. मी निवांत. डोक्यात साधा हिशोब होता: घर मी देतोय, हप्ता मी भरतोय, वर शाळेच्या फीसाठी १८,००० रुपये रोख हातात दिलेत, मग आणखी काय? तारखा पडत गेल्या. त्या काळात मी एक रुपया बाजूला ठेवला नाही. चुलतभावाकडून बाहेर पडलो, डिपॉझिट भरलं, गादी, शेगडी, पंखा घेतला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश झाला. मुलीसाठी महिना १२,०००, फीचा निम्मा वाटा वेगळा. मागणी १८,००० ची होती, त्यामुळे मला आधी हायसं वाटलं. मग वकील म्हणाले, "अर्जाच्या तारखेपासून बरं का." सुप्रीम कोर्टाचा ४ नोव्हेंबर २०२० चा निकाल आहे, रजनीश विरुद्ध नेहा. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची आणि दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, देणी प्रतिज्ञापत्रावर मांडायची, हे त्यात ठरलं. म्हणजे आठ महिन्यांची थकबाकी, ९६,००० रुपये. फीचे रोख दिलेले १८,००० त्यातून वजा झाले नाहीत, कारण पावती मुलीच्या आईच्या नावावर आणि माझ्याकडे कागदाचा कपटाही नाही.

प्रतिज्ञापत्रात मी हप्ता ठळक लिहिला होता. वकिलांनी तेव्हाच सांगितलं होतं, "टॅक्स आणि पीएफ पगारातून सक्तीने कापले जातात, ते धरतात. कर्जाचा हप्ता म्हणजे तुम्ही तुमची मालमत्ता उभी करताय, त्याच्या नावावर पोटगी टाळता येत नाही." मला ते अन्यायाचं वाटलं. ज्या घरात मी झोपत नाही ते घर माझी मालमत्ता कशी? पण आदेश नीट वाचून घेतला तेव्हा त्यात एक वाक्य सापडलं: मुलगी आणि तिची आई राहतात त्या घराचा हप्ता वडील भरतात, हे लक्षात घेता. १८ चे १२ झाले ते बहुधा त्या एका वाक्यामुळे. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल.

कंपनीच्या पतपेढीतून ८०,००० उचलले, उरलेले सोळा भावाने दिले आणि थकबाकी एकरकमी भरली. पतपेढीची कपात महिना ३,०००. हातात पगार ५८,०००. हप्ता, पोटगी, भाडं, पतपेढी, मेसचा डबा, पेट्रोल, कराडला आईला दोन हजार, फीचा वाटा आणि लाइटबिल गेलं की महिनाअखेर उरायचे हजार-बाराशे. पोटगीवर आयकरात काही सूट मिळते का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. नाही मिळत. तो म्हणाला, "मग काय फायदा?" त्याला काय सांगू? फायद्यासाठी पोरगी वाढवतात का!

एक बारीक गोष्ट, पण तिने दोनदा दंड बसला. पगार ७ तारखेला, हप्ता कापला जायचा ५ ला. आधीच्या दिवसांत खात्यात शिल्लक असायची म्हणून कधी जाणवलं नाही. एप्रिल आणि मे, दोन्ही महिने हप्ता बाउन्स. बँकेत तीन फेऱ्या मारून तारीख १० करून घेतली. पोटगी आता ८ तारखेला आपोआप जाते, शेऱ्यात महिन्याचं नाव. रोख पुन्हा कधीच दिली नाही. वह्या, बूट घेतले तरी ते पोटगीत धरत नाही, ती वेगळी हौस.

फ्लॅट विकून टाका, असं सगळे सांगतात. विकला तर कर्ज फिटून उरेल त्याचे दोन वाटे, आणि मुलगी भाड्याच्या घरात. तिची आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये २२,००० वर आहे. मोशीत टू बीएचकेचं भाडं भरायला तिला माझ्याकडून जास्त पोटगी मागावीच लागेल. फिरून तेच. एकाने कर्जातून नाव काढून घ्यायचं म्हटलं तर बँक सांगते, तुमचं आपसात काहीही ठरो, कर्ज फिटेपर्यंत दोघं जबाबदार. म्हणून सध्या आहे तसं चालू आहे. मध्यस्थीत पुढच्या तारखेला यावर बोलायचं ठरलंय, आणि या एका मुद्द्यावर आम्ही दोघं भांडत नाही.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, फेब्रुवारीत ६.५० वरून ६.२५, एप्रिलमध्ये ६ आणि जूनमध्ये ५.५० वर आणला. माझं कर्ज त्या दराशी जोडलेलं. दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. जुलैमध्ये मी अर्ज दिला की मुदत राहू द्या, हप्ता कमी करा. काउंटरवरची बाई समजावायला लागली, "सर, व्याज जास्त जाईल, सगळे मुदतच कमी करतात." बरोबरच होतं तिचं. म्हटलं, मॅडम, व्याज २०३९ मध्ये बघू, मला ऑगस्ट काढायचाय. हप्ता २२,१५० झाला. साडेबाराशे सुटले. माझी महिनाअखेरची शिल्लक दुप्पट!

त्याच ऑगस्टला घरमालक नव्या करारासाठी आले आणि भाड्यात पाचशे वाढवले. उरले साडेसातशे.

मुलगी एक आड एक शनिवारी येते. पहिल्या वेळी तिने सगळी खोली दोन मिनिटांत पाहून विचारलं होतं, "बाबा, माझं कपाट कुठेय?" तेव्हापासून माझ्या कपाटाचा खालचा कप्पा तिचा. गादीवर ती झोपते, मी चटईवर. रविवारी सकाळी मात्र तिला उठवावं लागत नाही. साडेसातच्या सुमारास डेक्कन क्वीन जाते, ती खिडकीत बसून डबे मोजते आणि आकडा कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवते. भिंतीवर लिहायचं नाही, खिळा मारायचा नाही, करारात आहे.

गेल्या खेपेला म्हणाली, उन्हाने डोळे दिपतात, पडदा लाव. पिंपरी कॅम्पात विचारून आलो. पडदा साडेतीनशे, आणि खिळ्याशिवाय बसणारा स्प्रिंगचा रॉड चारशे.