राहण्यासाठी दिलेला पासपोर्ट

गिरगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या गोवेकर कुटुंबातील मुलाने यंदा आजोबांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज पासपोर्ट मिळवला आणि भारतीय नागरिकत्व सोडले. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो, म्हणून हे शक्य झाले. त्याच्याशी बोलताना मला ब्रिटनची वसाहत असलेले तेव्हाचे हाँगकाँग आठवत राहिले.

ब्रिटनने १९८१ मध्ये केलेल्या आणि १ जानेवारी १९८३ पासून लागू झालेल्या कायद्याने हाँगकाँगमधील तीस लाखांहून अधिक ब्रिटिश प्रजाजन ‘आश्रित प्रदेशाचे नागरिक’ ठरले; त्यांच्या पासपोर्टवर राजमुकुट होता, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. ब्रिटनच्याच ताब्यातील फॉकलंड बेटांवरील जेमतेम दोन हजार लोकांना मात्र अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धानंतर, १९८३ मध्येच, पूर्ण नागरिकत्व मिळाले. हा फरक हाँगकाँगच्या लोकांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. पुढच्याच वर्षी हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला परत देण्याचा करार झाला, आणि जून १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनमेन चौकात निदर्शकांचे रक्त सांडल्यावर तर कॅनडा-ऑस्ट्रेलियाची वाट धरणाऱ्यांची रीघ लागली.

त्यावर ब्रिटनने १९९० मध्ये कायदा केला : गुणांकनाने निवडलेल्या ५०,००० कुटुंबप्रमुखांना, त्यांच्या पती-पत्नी व अज्ञान मुलांसह, पूर्ण नागरिकत्व. त्यांनी ब्रिटनला यावे म्हणून नव्हे, तर जाण्याची वाट खुली आहे या भरवशावर त्यांनी हाँगकाँगमध्येच राहावे म्हणून. हा विचार मला मनापासून पटतो, कारण दार उघडे आहे हे ठाऊक असलेला माणूस चेंगराचेंगरी करीत नाही. पण अधिकारी, व्यावसायिक, उद्योजक अशा मोजक्यांनाच निवडल्याने उरलेल्या लाखोंना आपली किंमत कळली, आणि चीनने तर हे नागरिकत्व मान्य करणार नसल्याचेच जाहीर केले. विश्वास असा वाटून देता येत नाही, असे मला वाटते.

सर्वांत बिकट अवस्था तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांची होती. हाँगकाँग विद्यापीठाला भरघोस देणगी देणारे होर्मसजी मोदी आपल्या मुंबईचेच पारशी. अशा व्यापाऱ्यांच्या मागोमाग पिढ्यान्‌पिढ्या तिथे स्थिरावलेल्यांपैकी अनेकांकडे भारतीय नागरिकत्व उरले नव्हते, आणि वंशाने चिनी नसल्यामुळे चीनचे नागरिकत्वही आपोआप मिळणार नव्हते. अन्य नागरिकत्व नसलेल्या या लोकांना ब्रिटिश नागरिकत्व देणारा कायदा लंडनने केला तो मार्च १९९७ मध्ये, हस्तांतरणाला साडेतीन महिनेही उरले नसताना.