डावा पाय खाली, उजवा वर

रॉकी माउंटनच्या माथ्यावरून मी दोनदा चालत गेले आणि दोन्ही वेळा हाच माथा आहे हे मला कळलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत हे होतं. माथा म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर मोकळं आभाळ आणि भणाणता वारा. इथे माथ्यावर स्प्रूस आणि फर या झाडांची अशी जाळी माजलेली असते की पुढे चाललेल्या माणसाचा फक्त पाठपिशवीचा रंग दिसतो, तोही अधूनमधून.

मला या भानगडीत ओढलं ते माझ्या धाकट्या दिरांनी. कॅट्सकिल 3500 क्लब नावाचा एक जुना क्लब आहे, 1962 मध्ये स्थापन झालेला. या भागातली साडेतीन हजार फुटांवरची शिखरं सर करायची, त्यातली स्लाइड, पँथर, ब्लॅकहेड आणि बाल्सम ही चार पुन्हा एकदा हिवाळ्यात करायची, मग सदस्यत्व. मी सुरुवात केली तेव्हा यादीत 35 शिखरं होती. 2021 मध्ये डबलटॉप आणि ग्रॅहॅम ही खासगी जमिनीवरची दोन बंद झाली आणि आकडा 33 वर आला. वाटेची सगळी शिखरं मी हौसेने उरकली. मग उरली ती वाट नसलेली, आणि भावजी म्हणाले, "वहिनी, खरा खेळ आता सुरू होतो."

ऑक्टोबर 2019, मधला आठवडा. बेत असा: डेनिंग रोड संपतो तिथे गाडी लावायची, खुणा केलेल्या वाटेने टेबल माउंटनवर (3,847 फूट) चढायचं, तिथून वाट सोडून लोन (3,721 फूट), मग रॉकी, आणि उतरताना नेव्हरसिंक नदीच्या पूर्वेकडच्या फाट्याला लागून परत. रॉकीची उंची जुन्या नकाशावर 3,508 फूट, म्हणजे यादीत उंबरठा ओलांडून जेमतेम आत.

टेबलपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. झाडांवरच्या रंगीत चकत्या बघत चालायचं आणि घाम पुसायचा. वर पोचल्यावर भावजींनी मला हातमोजे चढवायला लावले, चश्म्यावरून प्रयोगशाळेतला गॉगल दिला आणि म्हणाले, "पुढे तुम्ही. मी मागून येतो. चुकलात तरी लगेच बोलणार नाही."

नकाशा मी आदल्या रात्री पाठ केला होता. यूएसजीएसचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या भूसर्वेक्षण खात्याचा, 1:24,000 प्रमाणाचा, दर 20 फुटांना एक समोच्च रेषा. टेबल आणि लोन यांना जोडणारी धार त्यावर स्पष्ट दिसते. दिशेचा कोन मोजला, त्यात सुईच्या कलण्यापोटी 13 अंशांचा हिशेब केला, होकायंत्राची तबकडी फिरवली आणि झाडीत शिरले.

सुरुवातीला तर पुसटशी पायवाटही होती. इतके लोक ही यादी करतात की वाट नसलेल्या डोंगरांवरही ढोरवाटा पडल्यात. पण त्यांचा भरवसा नाही. एक आडवं पडलेलं झाड आलं की वाटेला तीन फाटे फुटतात, डावीकडून गेलेल्यांचा, उजवीकडून गेलेल्यांचा आणि खालून सरपटलेल्यांचा. पडलेलं झाड कोणी कापत नाही. राज्याच्या मालकीचं हे जंगल कायम रानच राहील असं न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत 1894 पासून लिहिलेलं आहे. कलम वाचताना फार छान वाटलं होतं. एकावर एक पडलेल्या चार झाडांवरून घोडा करून बसले असताना तितकं वाटलं नाही.

वीसेक मिनिटं झाली असतील. मी सुईशी प्रामाणिक राहून चालले होते. ढोरवाट केव्हाच उजवीकडे निघून गेली होती, मी म्हटलं जाऊ दे, तिचं तिला. मग लक्षात आलं की माझा डावा घोटा दुखतोय. डावा पाय सारखा खाली पडत होता, उजवा वर. धारेवरून चालताना जमीन दोन्ही बाजूंना उतरायला हवी. इथे उजवीकडे चढ होता आणि डावीकडे झाडीतून खोल कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता.

मी थांबले. मागून आवाज आला, "काय झालं वहिनी?"

"भावजी, आपण धारेवर नाही आहोत."

"नाहीच आहोत. का ते सांगा."

नकाशा मांडीवर पसरला आणि डोक्यात प्रकाश पडला. कॅट्सकिल्समध्ये सुई खऱ्या उत्तरेपासून सुमारे 13 अंश पश्चिमेला कलते. म्हणून नकाशावर मोजलेल्या कोनात 13 मिळवायचे असतात. मी "पश्चिम म्हणजे वजा" असं मनाशी ठरवून वजा केले होते. एकूण चूक 26 अंशांची. एक किलोमीटर चाललं तर माणूस जवळजवळ साडेचारशे मीटर भलतीकडे पोचतो. मी होकायंत्र शिकले ते महाराष्ट्रात, आणि तिथे हा फरक जवळपास शून्य आहे. सुई दाखवेल ती उत्तर, विषय संपला. त्यामुळे ही बेरीज-वजाबाकी माझ्या हाडात कधी भिनलीच नव्हती.

चूक कळली तरी ती निस्तरायला पाऊण तास गेला. सरळ वर चढायला जावं तर मध्ये कातळाचा पट्टा. इथला वालुकाश्म आडव्या थरांचा आहे, त्यामुळे उतारांवर पायऱ्यांसारखे कडे तयार होतात. पंधरा फुटांचा कडा दोन समोच्च रेषांच्या मध्ये बेमालूम लपतो, नकाशावर त्याचा मागमूस नसतो. आम्ही पायथ्याने आडवे सरकत गेलो, एक फट सापडली, तिच्यातून मुळं धरून वर. शेवाळाखाली दगडांमध्ये पोकळ्या असतात. माझा एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बूट काढून पाय बाहेर घ्यावा लागला, मग बूट. पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली केव्हा फांदीने काढून घेतली ते कळलंही नाही. बाहेर काहीही लोंबतं ठेवू नका असं मला दोनदा बजावलेलं होतं.

लोन मात्र शहाण्यासारखा सापडला. चढताना एक सोय असते, सगळ्या सोंडा शेवटी माथ्यालाच मिळतात, त्यामुळे बारीकसारीक चुका आपोआप भरून निघतात. भावजींचं म्हणणं, खरी परीक्षा उतरताना. तेव्हा सोंडा फुटत जातात आणि वरची दहा पावलांची चूक खाली वेगळ्या खोऱ्यात नेऊन सोडते.

लोनहून रॉकी नकाशावर बोटभर अंतर. आम्हाला तासाला अर्धा मैलही जमेना. फरच्या खोडांवर राळेचे फोड असतात, अंग घासलं की फुटतात. माझी बाही, हातमोजे, गॉगल, केस, सगळं चिकट झालं आणि त्यावर वाळक्या सुया बसल्या. वास मात्र असा की चिडायलाही होईना. चेहऱ्यापुढे हात धरून, पाठीने फांद्या ढकलत, कधी चक्क उलटं चालत पुढे सरकायचं. भावजींना दर मिनिटाला हाक, त्यांची ओ आली की पुढे.

जमीन सपाट झाली. मग उतरायला लागली. परत फिरलो, पुन्हा सपाट, पुन्हा उतार. इथे कुठेतरी झाडाला क्लबचा डबा बांधलेला असायला हवा होता, आत पोचल्याची नोंद करायला वही. जीपीएस सांगत होतं की आपण पोचलोय, पण त्या दाट झाडीत त्याचा ठिपकाही स्वतःभोवती घुटमळत होता. शेवटी भावजी एका खोडाला हात लावून उभे राहिले आणि बोलत राहिले (ऑफिसमधल्या कटकटी, दुसरं काय), आणि मी त्यांच्या आवाजाच्या टप्प्यात राहून अर्धवर्तुळं काढत हिंडले. तिसऱ्या फेरीत डब्यावर कोपर आपटलं. वीस पावलांवर होता. पहिल्यांदा मी बहुतेक त्याच्या पलीकडच्या बाजूने गेले होते.

झाकण गच्च. हातमोजे काढून फिरवलं तर बोटं राळेने त्यालाच चिकटली. आत प्लास्टिकच्या पिशवीत दमट वही आणि टोक झिजलेली पेन्सिल. नाव लिहिताना पानावर फरच्या तीन सुया चिकटल्या, त्या तशाच ठेवून वही मिटली. दृश्य वगैरे काही नाही. अडीच वाजून गेले होते आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमाराला.

उतरण्याचा कोन या वेळी मी काढला, 13 मिळवून, आणि भावजींना दाखवला. खाली नेव्हरसिंकचा फाटा आडवा वाहतो, वायव्येला उतरत गेलं की तो चुकणं शक्य नाही. मिळाला की डावीकडे वळायचं, पाण्याबरोबर चालायचं. हेच पाणी पुढे नेव्हरसिंक जलाशयात जाऊन न्यूयॉर्क शहराच्या नळांना पोचतं. तासाभराने झाडी विरळ झाली, पायांखाली बीच नावाच्या झाडांची पिवळी पानं आली आणि पाणी दिसलं. काठाने मासेमारांची जुनी वाट आहे. इतक्या वेळाने पाय सरळ टाकता आला की चालणं अगदी विचित्र वाटतं.

गाडीपाशी पोचलो ते डोक्यावरचे दिवे लावून. माझी विजार गुडघ्यावर फाटलेली, चश्मा गॉगलमुळे शाबूत. भावजींनी बूट झटकले, डिकी लावली आणि सहज विचारलं, "मग फ्रायडेला जमेल?"

"छे हो भावजी, शुक्रवारी मला सुट्टी नाही."

ते हसत सुटले, आणि मला कारण कळायला अर्धा मैल गेला. रॉकीच्या पुढे बाल्सम कॅप, आणि त्याच्या पुढच्या डोंगराचं नावच फ्रायडे आहे.