पद्मिनी तापते : दिवे घाट, पाचवी फेरी

माझ्या पद्मिनी गाडीच्या इंजिन ब्लॉकचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, पूर्ण उघडला, खाली घमेलं सरकवलं, आणि एक थेंबसुद्धा पडला नाही. रेडिएटर गळ्यापर्यंत भरलेला होता. आटे फिरले असतील म्हणून कॉकच काढून टाकला, तरी कोरडं. मग सायकलचा जुना स्पोक आत घातला. बोटभर गेला आणि मऊ काहीतरी लागलं, भिजवलेल्या पिठासारखं. दोनदा ढोसल्यावर विटकरी रंगाचा गाळ पचकन बाहेर आला, माझ्या कोपरापर्यंत ओघळला, आणि त्याच्यामागून पाण्याची धार लागली.

तीन महिने ज्याच्या मागावर होतो तो हा. इथपर्यंत यायला चार वेळा दिवे घाट चढावा लागला आणि चारही वेळा वाटेत थांबावं लागलं.

गाडी 1982 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. इंजिन तेच फियाटचं 1089 सीसीचं, ब्लॉक बिडाचा आणि त्यावर बसणारं हेड ॲल्युमिनियमचं. बाबांनी घेतली तेव्हापासून तिच्यात पाणी गेलं ते आमच्या सोसायटीच्या बोअरचं. ज्या पाण्याने आमच्या गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते, तेच पाणी चाळीस वर्षं या बिडातून फिरलंय. हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं, पण नाही आलं.

तक्रार अशी होती. गावात कितीही फिरवा, स्वारगेटच्या सिग्नलला दहा मिनिटं उभी ठेवा, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. हडपसर सोडून सासवडच्या रस्त्याला लागलं, घाट सुरू झाला, दुसऱ्या गिअरला चार वळणं झाली की काटा लालमध्ये. पहिल्या वेळी मस्तानी तलाव दिसतो तिथल्या वळणावर थांबलो. बॉनेटमधून वाफ. मागून येणारा टेम्पोवाला मदतीला धावला, पाच लिटरचा कॅन घेऊनच. "अहो दादा, थांबा, ओतू नका!" म्हणून मी अक्षरशः त्याचा हात धरला. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी गेलं की ते वाकतं, आणि वाकलेलं हेड म्हणजे पुढचे दोन महिने कामाला. शिवाय तेव्हा ढक्कन उघडणं म्हणजे शिट्टी न काढता कुकर उघडण्यासारखं. चाळीस मिनिटं कठड्यावर बसून राहिलो. टेम्पोवाला मला वेडा समजून गेला असणार.

पण ही तक्रार नीट ऐकली तर निम्मं निदान तिच्यातच आहे. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापते तेव्हा वारा कमी पडतोय : पंखा, फॅनबेल्ट, रेडिएटरच्या पुढचा कचरा. चढावर जोर लावल्यावर तापते तेव्हा वारा नाही, पाणी कमी पडतंय, किंवा इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतंय. हे मला माहीत होतं. तरी पहिला खर्च मी पंख्यावरच केला, कारण ज्याला विचारावं तो सांगत होता, "इलेक्ट्रिक फॅन बसवून टाक." नवा फॅनबेल्ट टाकला, रेडिएटरच्या पुढे अडकलेली फुलपाखरं आणि पिसं काढली. दिवे घाटात फरक शून्य. इलेक्ट्रिक फॅनचे पैसे वाचले एवढंच.

त्यानंतर ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी तोच घाट, तोच गिअर, दुपारी साधारण तीच वेळ. वहीत लिहायचं.

आधी काट्यावर विश्वास ठेवायचा का हे बघितलं. हेडलाइट लावल्यावर काटा जरा उडायचा, म्हणजे अर्थिंग खराब. बॉडीला जाणारी वायर घासून बसवली, उडायचा थांबला. मग इन्फ्रारेड थर्मामीटर आणला, पिस्तुलासारखा असतो तो. पहिल्या दिवशी त्याने मला चांगलंच फसवलं. चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर खरं तापमान कळतच नाही, फार कमी आकडा येतो. मोजायच्या प्रत्येक जागी काळ्या पट्टीचा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका लावायचा आणि त्यावरच नेम धरायचा. हे केल्यावर आकडे जुळायला लागले.

रेडिएटरच्या ढक्कनाचं रबर कडक होऊन तडकलं होतं. छोटी गोष्ट वाटते, पण पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. ढक्कन दाब धरतं म्हणून उकळबिंदू वर जातो, दाबाच्या दर पौंडामागे साधारण दीड अंश. ढक्कन गळकं असेल तर ती सगळी सवलत गेली. नवीन टाकलं.

थर्मोस्टॅट वॉल, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, बघायला त्याचं घर उघडलं तर आत वॉलच नाही! कुठल्या तरी गॅरेजात कधी तरी काढून टाकलेला. ही आपल्याकडची जुनी रीत आहे, गाडी तापली की आधी थर्मोस्टॅट फेकायचा. तो फेकल्याने चोंदलेला रेडिएटर काही मोकळा होत नाही, फक्त खरा आजार एकदोन उन्हाळे झाकला जातो. बाकी दिवस इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइल लवकर खराब होतं. नवा आणला आणि बसवण्याआधी घरी तपासला. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लटकवला, शेजारी पाकाचा थर्मामीटर. 83 ला कड हलली, 90 च्या पुढे पूर्ण उघडला. आईने ते पातेलं परत स्वयंपाकघरात घेतलेलं नाही.

हेड गॅस्केटची, म्हणजे ब्लॉक आणि हेडच्या मधल्या सीलची, भीती सगळ्यात मोठी होती, म्हणून ती आधी काढून टाकली. थंड इंजिन, ढक्कन काढलेलं, चालू करून रेडिएटरच्या तोंडात बघत बसायचं. सतत बुडबुडे येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. बुडबुडे नव्हते. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा थर नाही, सायलेन्सरमधून गोडसर पांढरा धूर नाही. हुश्श.

टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी कधी पडते त्यात, मात्र घबाड सापडलं. ठिणगी पाडणारे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट इतके झिजले होते की गॅप जवळजवळ मिटला होता. गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडते. उशिरा पेटलेलं मिश्रण पिस्टन ढकलण्याऐवजी एक्झॉस्टच्या तोंडाशीच जळत राहतं, आणि ती उष्णता हेडमध्ये, म्हणजे पाण्यात जाते. पॉइंट नवे, फीलर गेजने गॅप, टायमिंग लाइटवर टायमिंग. गाडी एकदम हलकी चालायला लागली. त्या रविवारी घाटाचा अर्धा टप्पा पार केला, मग काटा पुन्हा चढला. रागापेक्षा आनंद जास्त झाला, कारण वहीत पहिल्यांदाच मोठा फरक पडला होता.

मग रेडिएटर. गरम इंजिनवर थर्मामीटरने कोअरवर, म्हणजे मधल्या नळ्यांच्या जाळीवर, आडव्या रेघा ओढल्या. वरून खाली तापमान हळूहळू उतरायला हवं. माझ्याकडे डाव्या खालच्या कोपऱ्यात वहीएवढा भाग गारच. गार म्हणजे तिथून पाणी जातच नाही. काढून नाना पेठेत रेडिएटरवाल्या काकांकडे नेला. त्यांनी वरची टाकी डाख वितळवून उतरवली, आत बघितलं आणि मला बोलावलं. "बघा साहेब, किती नळ्या मोकळ्या दिसतात?" मोजायची गरजच नव्हती. खालची टाकीही उतरवून त्यांनी प्रत्येक नळीतून पातळ पितळी पट्टी आरपार मारली. राखेसारखी पूड पडत होती. कोअर तांब्याचा आणि दुरुस्तीजोगा आहे, म्हणून नवीन ॲल्युमिनियमचा बसवायचा सल्ला मी नाकारला, आणि काकांनी मनापासून मान डोलावली.

चौथी फेरी. घाट जवळजवळ चढलो होतो, शेवटच्या दोन वळणांत काटा लाल. आता पंखा, ढक्कन, थर्मोस्टॅट, टायमिंग, रेडिएटर, सगळं ठीक होतं. वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, सुरू होती, वरच्या होजमधून येणारी धार रेडिएटरच्या तोंडात दिसत होती. गाडीतून उतरून ब्लॉकच्या बाजूला लावलेले चार ठिपके मोजले, रेडिएटरकडून फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडे) : 88, 91, 98, 109. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये 21 अंशांचं अंतर! मागच्या भागाला पाणीच पोचत नव्हतं. गाळ जड, तो पाण्याचा वेग कमी असतो तिथे बसतो, म्हणजे ब्लॉकच्या तळाशी, मागे. रेडिएटर कितीही चकाचक केला तरी तिथे काही होत नाही.

आणि मग तो कोरडा ड्रेन कॉक.

लोकांनी ॲसिड सांगितलं, कॉस्टिक सोडा सांगितला. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, हेड माझं ॲल्युमिनियमचं, तेव्हा ते नकोच. थर्मोस्टॅट परत काढला, वॉटर बॉडी उतरवली, वरून बागेचा पाइप लावला आणि खालून, पुढून वाकवलेल्या तारा घालून ढोसत बसलो. दोन रविवार गेले. पहिल्या दिवशी घमेल्यात बसलेला गाळ पत्र्याच्या डब्यात भरला, तो पाऊण डबा झाला. अजून ठेवलाय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला.

पाणी स्वच्छ यायला लागलं त्याच संध्याकाळी मागच्या बाजूचा वॉटर प्लग, म्हणजे ब्लॉकच्या भोकात ठोकून बसवलेलं पत्र्याचं झाकण, पाझरायला लागला. गंजाने खाल्लेला पत्रा इतके दिवस गाळानेच बंद धरला होता, मी गाळ काढला. हा प्लग सुटायला सोपा असतो असं सगळे सांगतात : एका कडेला छिन्नी ठेवून ठोकायचं, तो आडवा फिरला की पकडीने ओढायचा. माझा फिरला नाही, मधोमध फाटला. पुढचा तास मी हनुवटी मडगार्डवर टेकवून, आरशात बघत, तुकडे उपटत होतो. नवा प्लग पितळी टाकला, बैठक पॉलिशपेपरने साफ करून, कडेला सीलंट लावून, बरोबर मापाचा सॉकेट ठेवून सरळ ठोकला.

आता बोअरचं पाणी बंद. बॅटरीचं पाणी दोन भाग आणि कूलंट एक भाग. आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं बरेच जुने मिस्त्री म्हणतात. निव्वळ उष्णता वाहून न्यायला साधं पाणीच सरस, हे त्यांचं बरोबर आहे. पण मला कूलंट हवाय तो त्यातल्या गंजरोधकासाठी. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात बुडालेले असताना ते नुसतं पाणी त्यांना गप्प बसू देत नाही. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवलं, म्हणजे अडकलेली हवा रेडिएटरच्या तोंडातून निघून जाते.

पाचवी फेरी परवाच्या रविवारी, दुपारी दोन वाजता, बाहेर 38. मस्तानी तलावाचं वळण गेलं, मागच्या वेळचं वळण गेलं. काटा मधल्या खुणेच्या किंचित वर सरकला आणि तिथेच राहिला. वर पोचून इंजिन चालू ठेवूनच ठिपके मोजले : 87, 88, 90, 92. सासवडला जाऊन चहा प्यायलो, त्याच वहीत लिहिलं, आणि उगाचच त्याच घाटाने उतरून परत एकदा चढलो.

तारांनी जे करता आलं ते केलंय, कोपऱ्यात थोडा गाळ उरलाच असेल. त्यामुळे महिन्याभरात कूलंट काढून गाळून बघणार, विटकरी दिसला तर पुन्हा धुणार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर सहज मिळणारे पार्टही आटत चाललेत. कुणाकडे जुन्या साठ्यातली वॉटर बॉडीची सील किट असेल तर कळवा. काल सकाळी माझ्या पंपाच्या खालच्या भोकाशी हिरवा थेंब लटकलेला दिसला.