मिसिसिपीच्या टोकाला, मचूळ पाण्यात

व्हेनिस म्हटलं की इटलीच आठवते, पण आम्ही गेलो ते लुइझियानातलं व्हेनिस, न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपीच्या काठाकाठाने हायवे 23 धरून खाली गेलं की जिथे रस्ताच संपतो ते. बाबा देवगडहून आलेले, आयुष्यभर खाडीत मासे गरवलेला माणूस, त्यांना इथे मॉलबिल काही नको होतं. ऑक्टोबरमध्ये मासे गरवायची लायसनं काढली (बेसिक लायसनवर खाऱ्या पाण्याचं वेगळं लागतं) आणि पहाटे गाइडच्या बोटीत बसलो.

दोन्हीकडे डोक्याहून उंच बोरूसारखं गवत आणि मधून अरुंद पाणी. बाबांनी हाताचं बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं, "मचूळ आसा रे, हय दोनय जातीचे गावतले." गाइडनेही तेच सांगितलं, या दिवसांत नदी उतरते, मेक्सिकोच्या आखाताचं खारं पाणी वर सरकतं आणि गोड्या पाण्यातला बास नि खाऱ्यातला रेडफिश एकाच गवताच्या कडेला येतात.

आणि खरंच! तोच सोनेरी पत्र्याचा स्पिनर (पाण्यात गरगरणारं चमकतं आमिष), तीच जागा, आधी मला हिरवट लार्जमाउथ बास लागला आणि थोड्या वेळाने बाबांची रॉड अशी वाकली की मी त्यांना कंबरेला धरून ठेवलं. रेडफिश! घासलेल्या तांब्यासारखा रंग, शेपटीजवळ काळा ठिपका, हातात घेतला तर पोटातून डुर्र डुर्र आवाज. "ह्यो घोळीच्या घराण्यातलो," बाबा म्हणाले, आणि बरोबरच होतं, आपला घोळ मासा आणि हा एकाच कुळातले. पट्टीवर 24 इंच भरला. 18 ते 27 इंचांतलेच ठेवता येतात, माणशी चार, मोठे सोडायचे कारण पुढची वीण त्यांच्यावर. हा नियम मला मनापासून पटला.

परतताना जीपीएसवर आमची बोट चक्क जमिनीवरून चाललेली, आणि बाहेर चारी बाजूंना पाणी! 1932 पासून लुइझियानाच्या किनाऱ्याची जवळपास 5,000 चौरस किमी जमीन गेलीय. पुरासाठी नदीला बांध घातले म्हणून गाळ आजूबाजूला पसरतच नाही, त्यात तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारं पाणी आत शिरतं आणि गवत मरतं. गवतच नाही तर कोळंबी-खेकड्यांची पिल्लं कुठे वाढणार, आणि मग मासा तरी कशाला येईल? फार वाईट वाटलं.

बास आम्ही सोडून दिला होता, बाबांच्या मते गोड्या पाण्यातल्या माशाला चव नसते. रेडफिश मात्र तिथल्या पद्धतीने, खवल्यांची बाजू खाली ठेवून, ग्रिलवर भाजला, वर बाबांच्या बॅगेतलं कोकमाचं आगळ.