५७ सेव्ह आणि आप्पांची जागल

२०१८ चा अमेरिकन बेसबॉलचा सीझन मी झेरॉक्सच्या दुकानात बसूनच काढला. चुलतभाऊ सिएटलला, म्हणून टीमही तिथलीच, मरिनर्स. तिकडे संध्याकाळी सातच्या पुढे मॅच सुरू झाली की अमळनेरात सकाळचे साडेसात वाजून गेलेले. म्हणजे नववी, शेवटची इनिंग यायची ती दुकान उघडता उघडता. गिऱ्हाईक सातबाऱ्याच्या तीन कॉप्या मागतंय आणि मोबाइलवर आमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, एडविन डियाझ मैदानात येतोय. तेव्हा ज्यांच्या कॉप्या तिरप्या निघाल्या, त्यांची माफी मागतो.

डियाझने त्या वर्षी ५७ सेव्ह केले. सेव्ह म्हणजे काय, तर टीम जेमतेम पुढे असताना शेवटी येऊन, आघाडी न घालवता मॅच संपवायची. एरवीचा हिशेब असा की आघाडी तीन रनांपेक्षा जास्त नको आणि निदान एक इनिंग टाकायला हवी. १९६९ पासून याची अधिकृत नोंद होते.

आप्पांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हंजे जागल्या."

तरुणपणी आप्पा दादर ज्वारीच्या शेतात जागलीला, रात्रीच्या राखणीला जायचे. दाणा भरला की रानडुकरं यायची. माळ्यावर घोंगडी, खाली शेकोटी, हाताशी बडवायला तेलाचा रिकामा डबा. दादर खळ्यात आली की कौतुक आजोबांचं. पण एका रात्री आप्पांचा डोळा लागला आणि डुकरांनी बांधाकडची दादर लोळवली. ती गोष्ट भाऊबंदांत अजून निघते, लग्नाच्या पंगतीतसुद्धा!

एका सीझनमधल्या सेव्हचा विक्रम आहे फ्रान्सिस्को रॉड्रिगेझचा. २००८ मध्ये एंजल्सकडून ६९ संधी मिळाल्या, त्यात ६२ सेव्ह. टीमने जिंकल्या १०० मॅच. तरी लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार क्लिफ ली घेऊन गेला, रॉड्रिगेझ मतदानात तिसरा. मला ते बरोबरच वाटतं. टीम थोडक्यात जिंकत राहिली तरच याला कामाला बोलावणार. तो आकडा निम्मा टीमचाच असतो.

१९९० चंच बघा. व्हाइट सॉक्सच्या बॉबी थिगपेनचे ५७ सेव्ह, तेव्हाचा विक्रम. त्याच वर्षी ओकलंडच्या डेनिस एकर्स्लीचे ४८, पण नऊ इनिंगांमागे त्याच्या खात्यावर रन पडले सरासरी ०.६१. माझ्या शेतावर मी एकर्स्लीलाच ठेवीन.

आणि नियमाची गंमत तर पुढेच आहे. शेवटच्या तीन इनिंग नीट टाकल्या तर आघाडी कितीही असो, सेव्ह मिळतो. २००७ मध्ये टेक्सासने बाल्टिमोरला ३०-३ असं धुतलं. वेस लिटलटन १४-३ असताना आला होता, त्याच्या नावावर सेव्ह लागला.

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग हाऊ काय राखी ऱ्हायंता?"

पुढच्या वर्षी डियाझ न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. सेव्ह २६, आणि सात वेळा हातातली आघाडी गेली. मी दुकानात चरफडत होतो. माझ्यासारख्यांनी त्याला काय काय म्हटलं असेल, ते इथे लिहीत नाही. रात्री जेवताना आप्पांना सांगितलं.

त्यांनी भाकरी मोडली. "डोळा लागना व्हई त्याना," म्हणाले, आणि ठेचा पुढे सरकवला.