दादाच्या अटॅकनंतर आम्ही घरादारानं रक्त तपासलं

दादाला अटॅक आला तेव्हा त्यानं चाळिशीही ओलांडली नव्हती. अंगानं सडपातळ, तंबाखू नाही, दारू नाही, अक्कलकोट रोडच्या यंत्रमाग कारखान्यात दिवसभर पायावर उभा. अँजिओप्लास्टी झाली, वाचला. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "टेन्शन घेतलं असणार." काकू म्हणाल्या, "तुमच्या घरात पुरुषांचं असंच." बाबा पन्नाशीच्या आत गेले, आजोबाही असेच अचानक. घरानं ते नशिबावर सोडून दिलं होतं.

पुढच्या तपासणीत डॉक्टर रिपोर्टवर थांबले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 248, खूपच चढं. त्यांनी दादाला पालथं झोपवलं आणि टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध चिमटीत धरून पाहिला. मलाही हात लावायला सांगितला. दोन्ही पायांना तो जाडजूड, गाठाळ लागत होता. उभ्यानं काम करून टाचा तशा झाल्यात, असंच आम्ही समजत होतो. ते साठलेलं कोलेस्टेरॉल होतं. बुबुळाभोवती पांढरट कडही दिसत होती. आई लगेच म्हणाली, "ह्यांच्या डोळ्यातपण होती की."

मग त्यांनी केसपेपरच्या मागे वंशावळ काढली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. कोण कितव्या वर्षी गेलं, कशानं गेलं? अक्कलकोटच्या आत्याला तिथूनच फोन लावला. कागद भरत गेला आणि रेघा बाबांच्या बाजूलाच दाटत गेल्या.

यकृताच्या पेशींवर एलडीएल रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात. त्यांचं जनुक एलडीएलआर. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. एक प्रत बिघडलेली असेल तर जन्मापासून एलडीएल चढं राहतं आणि प्रत्येक मुलात ती उतरण्याची शक्यता निम्मी. साधारण 250 माणसांत एकाला हा आनुवंशिक आजार, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, असतो. हे रिसेप्टर शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं, आणि आमच्याकडे अजून शेंगाचटणीलाच दोष देतात! वहिनीनं तेल कमी केलं, ते चांगलंच. पण नुसत्या पथ्यानं हे एलडीएल पुरेसं उतरत नाही. स्टॅटिनच्या गोळीनं यकृत चांगल्या प्रतीवरून जास्त रिसेप्टर बनवतं.

हृदयविकाराशी जोडल्या जाणाऱ्या नवव्या गुणसूत्रावरच्या 9पी21 या जागेबद्दल मी वाचलं होतं, तेही विचारलं. 2007 मध्ये सापडलेला तो बदल पुष्कळ लोकांत असतो आणि एकटा धोका थोडासाच वाढवतो. आमचं तसं नव्हतं, एकाच जनुकाचा मोठा बिघाड होता.

जनुक तपासणीआधी समुपदेशन झालं, संमतीपत्रावर सही झाली, मग दादाचं रक्त बाहेरगावी गेलं. रिपोर्टला काही आठवडे लागले. बदल एलडीएलआरमध्येच सापडला. त्यामुळे बाकीच्यांची तेवढीच एक जागा तपासली की भागतं, खर्चही कमी येतो.

खरी झुंज नातेवाइकांशी. काकूंच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. "कागदावर आलं तर स्थळं फिरतील," त्या म्हणाल्या. त्यांची भीती मला खोटी वाटली नाही. मी म्हटलं, "काकू, जनुकाचं राहू द्या. आधी साधं लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी करू, नवी पेठेतल्या लॅबमध्ये रोज शेकडो लोक करतात." यावर त्या तयार झाल्या. आणि मला आजही वाटतं, सुरुवात तिथूनच करावी. जनुकाचा रिपोर्ट परवडला नाही म्हणून कुणाचं अडू नये.

मुलीचं एलडीएल नॉर्मल निघालं. माझंही. दादाच्या मुलांपैकी थोरल्यात बदल आहे, धाकटीत नाही. थोरला दहा वर्षांचा आहे. या आजारात साधारण आठ-दहा वर्षांपासून औषध देता येतं म्हणून बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्याला कमी डोस सुरू झालाय. वहिनी त्या दिवशी खूप रडल्या, नि संध्याकाळी स्वतःच त्याच्या गोळीची वेळ ठरवली. आत्याचा मुलगा धडधाकट, छातीत कधी दुखलं नाही; त्याचं एलडीएल 231 आलं. त्याचीही गोळी चालू झाली आहे, आणि आता त्याच्या मुलींची तपासणी व्हायची आहे.