४७ नंबर यादीत नव्हता

आमच्या शाळेत खो-खोचा संघ निवडायची पद्धत सोपी होती. पी.टी.चे सर भर तासाला वर्गाच्या दारात उभे राहायचे, बाकांवरून नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "तू, तू, आणि तो मागचा हडकुळा. संध्याकाळी मैदानावर या." सांगली जिल्ह्यातली, १९९० च्या आसपासची गोष्ट. मागचा हडकुळा म्हणजे मी. तालुक्याच्या स्पर्धेला बारा जण लागायचे, आणि सरांना खरी काळजी बारा निवडायची नसायची, बारा जमवायची असायची. कोणाला घरचे सोडत नसत, कोणाची उसाची लागण चालू असे. एकाला तर सरांनी स्वतः घरी जाऊन, वडिलांची समजूत काढून, सायकलवर डबलसीट आणलेला मला आठवतो.

कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये, माझा मुलगा नववीत जाताना म्हणाला, "बाबा, मला शाळेच्या बॅडमिंटन टीममध्ये जायचंय," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तीच सायकल होती. मी म्हणालो, "जा की. शाळेचीच टीम आहे ना?"

आमच्या आत्मविश्वासाला आधार एवढाच, की दर रविवारी कम्युनिटी सेंटरमध्ये तो मला हरवायचा.

अमेरिकेतल्या फार थोड्या राज्यांत बॅडमिंटन हा हायस्कूलचा खेळ आहे. कॅलिफोर्निया त्यातलं एक. इथे त्याचा हंगाम वसंतात असतो, फेब्रुवारी ते मे. मुलं-मुली एकाच संघात असतात. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी असे सगळे सामने मिळून शाळेचा निकाल लागतो. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या आमच्या भागात, चिनी, तैवानी, व्हिएतनामी आणि आपली भारतीय कुटुंबं इतकी, की दुसरीकडे मुलं बेसबॉलच्या मागे असतात तशी इथली बॅडमिंटनच्या मागे. या खेळाचं एक जुनं नाव 'पूना' होतं, पुण्याच्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत म्हणून, हे मी मुलाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्याचा ट्रायआउटला, म्हणजे संघाच्या निवड चाचणीला, उपयोग शून्य.

पहिला धक्का गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत बसला. पुढे एक ताई उभ्या होत्या, त्यांची दोन्ही मुलं या चक्कीतून गेलेली. मी सहज विषय काढला. त्यांनी विचारलं, "कुठल्या क्लबला जातो?"

"नाही, शाळेच्याच टीमसाठी देणार आहे ट्रायआउट."

"हो, पण क्लब कुठला?"

मी पुन्हा शाळेचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पानात मोदक वाढताना वाढणारी बाई एक जास्त वाढते तसं त्या हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ट्रायआउट तीन दिवसांचा असतो, पण मुलं सात वर्षांची असल्यापासून तयारी करतात."

पुढच्याच आठवड्यात क्लब गाठला. क्लब म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं गोदाम: खिडकी नाही, उंच छत, हिरव्या मॅट, आणि हवेत मलमाचा वास. कोचने मुलाला दहा-बारा फुलं (शटलकॉक) टाकली, एकदाही काही बोलला नाही, आणि त्याला नवशिक्यांच्या बॅचमध्ये पाठवला. त्या बॅचमधली मुलं आठ-नऊ वर्षांची. आमचा चौदा वर्षांचा ताड त्यांच्या मधोमध. पहिल्याच दिवशी एका पोनीटेलवाल्या चिमुरडीने त्याला २१-४ असा धुतला आणि नंतर अगदी नम्रपणे विचारलं, "तुझा आज पहिला दिवस आहे का?" घरी येताना गाडीत तो काही बोलला नाही. मीही गाणी लावली नाहीत.

तरी त्याने सोडलं नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी, आठवड्यातून तीन संध्याकाळी आम्ही त्या गोदामात. मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसायचो आणि कामापेक्षा हिशोबच जास्त करायचो. शिकवणीची फी वेगळी, रॅकेटच्या तारा वेगळ्या, आणि फुलं वेगळी. आम्ही सांगलीत एकच प्लॅस्टिकचं फूल पार चिंध्या होईपर्यंत मारत होतो. इथे खऱ्या पिसांचं, सोळा पिसांचं, आणि जोरात खेळणाऱ्यांच्या हातात ते एखाद्या गेमपुरतंही टिकत नाही. शाळेचा संघ म्हणजे शाळेने शिकवून तयार केलेला संघ, ही माझी समजूत त्या बाकावर गेली. शिकवणारे दुसरीकडे पैसे घेऊन शिकवतात, शाळा फक्त निवडते. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. फी भरत होतो, ती गोष्ट वेगळी.

जानेवारीत कागदपत्रं सुरू झाली. डॉक्टरकडून तपासणी, ज्याला इथे नुसतं 'फिजिकल' म्हणतात, ती दर वर्षी करावी लागते. डोक्याला मार बसला तर काय करायचं याचं पत्रक वाचून पालकांची सही, अचानक हृदय बंद पडण्याच्या धोक्याचं पत्रक वाचून आणखी एक सही. मुलाच्या गुणांची सरासरी, म्हणजे जीपीए, चारपैकी किमान २.० हवी. हे सगळं ऑनलाइन भरून हिरवी खूण आल्याशिवाय कोच मुलाला कोर्टवर पाय ठेवू देत नाही. सोबत पैशांची एक ओळ होती, त्याला 'ऐच्छिक देणगी' म्हटलेलं. मला वाटलं हा सभ्य भाषेतला तगादा. पण कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच निकाल दिलाय की सरकारी शाळेला अशा उपक्रमांसाठी फी घेता येत नाही, म्हणून ती देणगी. न देणाऱ्याच्या मुलाला संघाबाहेर बसवता येत नाही. हे वाचून बरं वाटलं, आणि आम्ही देणगी दिली.

घोटाळा फिजिकलने केला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची पहिली वेळ सहा आठवड्यांनंतरची. शेवटी एका छोट्या क्लिनिकमध्ये रांग लावून तपासणी करून घेतली, आणि तिथे सही झाली पण तारीख टाकायची राहिली. फॉर्म नामंजूर. हे कळलं ट्रायआउटच्या आदल्या दिवशी, दुपारी चारला. मी ऑफिसमधून निघालो, क्लिनिकमध्ये पोचलो, त्या चार आकड्यांसाठी पाऊण तास थांबलो. हिरवी खूण रात्री साडेदहाला आली. बायको म्हणाली, "खेळणार तो, आणि दमलायस तू."

पालकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे त्या तीन दिवसांचं जे मला माहीत आहे ते गाडीत ऐकलेलं. पहिल्या दिवशी प्रत्येकाला पाठीवर लावायला सेफ्टी पिनेसकट नंबर. हा आणि याचे दोन मित्र रांगेत मागेपुढे उभे होते, त्यांना ४६, ४७, ४८ मिळाले. आमचा ४७. मग फूटवर्क, सर्व्हिस, कोर्टच्या सहा कोपऱ्यांत पळणं. दुसऱ्या दिवशी शिडी: अकरा गुणांचे छोटे गेम, जिंकला तो वरच्या कोर्टवर, हरला तो खालच्या. कोच हातात पॅड घेऊन फिरत होता आणि वरच्या दोन कोर्टांपाशी फारसा थांबतच नव्हता. मुलगा म्हणाला, "त्याला ती मुलं आधीच माहीत आहेत." तिसऱ्या दिवशी दुहेरी.

मी मनाशी सोपं गणित मांडलं होतं: साठेक मुलगे, व्हर्सिटी (शाळेचा मुख्य संघ) आणि ज्युनिअर व्हर्सिटी (दुसरा संघ) मिळून एकवीस जागा, म्हणजे तिघांत एक. वाईट नाही. गणित चुकलं होतं. एकवीसपैकी पंधरा जागांवर गेल्या वर्षीचीच मुलं होती. उरल्या सहा, आणि त्यांच्यासाठी पंचेचाळीस. ताईंना हे सप्टेंबरमध्येच माहीत होतं. माणसं विचारतात, "मुलगा चांगला खेळतो का?" विचारायला हवं, "यंदा बारावीतून किती जण जातायत?"

शुक्रवारी रात्री आठला शाळेच्या पानावर यादी लागली. नावं नाहीत, नुसते नंबर. आम्ही तिघं स्वयंपाकघरातच होतो, कुकरची तिसरी शिट्टी झालेली. तो बोटाने खाली सरकत होता. ४१, ४४, ४५, ४९.

त्याने परत वर जाऊन पाहिलं. मग म्हणाला, "आम्ही तिघंही नाही." आवाजात दुःखापेक्षा सुटका जास्त होती असं मला वाटलं. नंतर कळलं, आपण एकटे राहिलो तर काय, आणि आपण एकटेच आत गेलो तर काय, या दोन्हींची त्याला भीती होती.

मी मात्र रात्री बाराला कोचला ईमेल लिहायला बसलो. मुद्देसूद. सभ्य. चार परिच्छेद. निवडीचे निकष काय, गुण कोणी दिले, नवीन मुलांना समान संधी मिळाली का. बायकोने मागून वाचलं आणि विचारलं, "तू खेळणार आहेस का?" मसुदा अजून तिथेच पडून आहे. सकाळी ताईंना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं: पालकाचा ईमेल गेला की कोच बचावात जातो, मूल स्वतः गेलं तर बोलतो.

तो गेला. आठवडाभर टाळून, मग एका दुपारी. भेट दोन मिनिटांची. कोच म्हणाला, स्मॅश चांगला आहे, पण मारल्यावर तू जागेवर उभा राहून तो बघतोस. परत आलेलं फूल घ्यायला पाय निघतच नाहीत. आणि एकेरीच्या मागे लागू नकोस, आमच्याकडे जागा दुहेरीत सुटतात, जोडीदार शोध. हे ऐकून मी गप्प बसलो, कारण मारून बघत उभं राहणं हा आमच्या रविवारच्या खेळाचा पायाच होता. कोणाकडून शिकला, हे उघड होतं.

पायांसाठी त्याने पुढच्या ऑगस्टमध्ये क्रॉस कंट्रीत नाव घातलं. तिथे कोणाला काढत नाहीत. तीन मैल, टेकड्या, धूळ. व्हर्सिटीचे सात जण पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवतात, आणि ज्या शाळेची बेरीज कमी ती जिंकते. बाकीचे मागच्या शर्यतीत पळतात, त्यातही आमचा शेपटाकडे. पण रोज पळाला.

'हायस्कूलच्या संघात जाणं किती कठीण?' या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. देशभरात हायस्कूलच्या खेळांत वर्षाला ८० लाखांहून जास्त सहभाग मोजला जातो (एक मूल तीन खेळ खेळलं तर तीनदा मोजतात). म्हणजे जागा पुष्कळ आहेत. पण आमच्या भागात काही शाळांना अमेरिकन फुटबॉलचा संघ उभा करायला मुलं कमी पडतात, आणि त्याच आवारात बॅडमिंटनसाठी झुंबड. बरं, हे कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी म्हणावं, तर कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणाऱ्या एनसीएएच्या यादीत बॅडमिंटन नाहीच. तरी पार्ट्यांमध्ये बाप लोक "अॅप्लिकेशनला उपयोगी पडेल" म्हणत असतात. मीही दोनदा म्हणालोय.

दहावीतल्या फेब्रुवारीत पुन्हा ट्रायआउट. मागच्या वेळचा ४६ नंबर आता याचा दुहेरीतला जोडीदार होता. सहा महिने दोघं क्लबात एकत्र खेळले होते. ४८ ने टेनिस धरलं. मागच्या जूनमध्ये बारावीतले आठ जण शाळेतून बाहेर पडले होते. हे मी आधीच मोजून ठेवलं होतं, घरात कोणाला सांगितलं नव्हतं. या वेळी नंबर १२. शुक्रवारी यादीत १२ होता. ज्युनिअर व्हर्सिटी, दुहेरीची शेवटची जोडी. त्यात याच्या पायांचं किती आणि त्या आठ जणांचं किती, हे मला अजून सांगता येत नाही.

शेवटच्या जोडीचे बहुतेक सामने निकालात धरतच नाहीत; मुख्य सामने संपल्यावर कोर्ट मोकळं असेल तर खेळतात. मी एका मंगळवारी चारला ऑफिसमधून सटकून पाहायला गेलो. रॅली चालू असताना ओरडायचं नसतं, हे शेजारच्या बाईंनी मला एकदा खुणेनेच समजावलं. खो-खोच्या मैदानावर वाढलेल्या माणसाला ते जड जातं. पोरं हरली, दोन गेममध्ये, दुसरा थोडक्यात. पण एकदा याने मागच्या रेषेवरून स्मॅश मारला आणि फूल पलीकडे पडायच्या आतच हा जाळीपाशी पोचला होता. फूल परत आलंच नाही. तो तिथे नुसता उभा, रॅकेट वर धरून.

मे महिन्यात हंगाम संपला आणि शाळेचा शर्ट परत द्यायचा होता. खांद्यापाशी विटलेला, आधी कोणाकोणाच्या अंगावर राहून आलेला. बायकोने धुतला, इस्त्री केला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "फोटो काढायचाय का?" काढला. पुढच्या फेब्रुवारीत सगळ्यांना पुन्हा नंबर लावूनच उभं राहावं लागतं, जुन्यांनाही. फिजिकलची मुदत मात्र जानेवारीतच संपते. त्याची वेळ मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आत्ताच घेऊन ठेवली आहे, आणि तारीख टाका असं कागदावर आधीच लिहिलंय.